भित्री पाहुणी

गेल्या पावसाळ्यात बेळगुंदीच्या एका रताळ्याच्या शेतालगत आम्हांस एक भिजलेली कुत्री सापडली. मुधोळच्या शिकारी कुत्र्यास २००५ साली टपाल-तिकिटाचा मान लाभला. हिचे कूळ मात्र कुणासच ठाऊक नव्हते. केरसुणी हलताच ती कणगीआड दडे. प्रथम आम्ही तिला ओढून बाहेर काढले. तिचे भय दुणावले. चूक उमगली तेव्हा आम्ही पाठमोरे बसू लागलो. नजरेस नजर न देता, रोज ठरल्या वेळी भाकरीचा तुकडा कालच्याहून थोडा जवळ ठेवू लागलो. एकविसाव्या दिवशी तिने तो आमच्या तळहातावरून उचलला. केरसुणीला ती आजही बिचकते. म्हणून ती अंगणात गेल्यावरच आम्ही घर झाडतो. भ्यालेल्या जिवास जवळ ओढता येत नाही. त्याला येऊ द्यावे लागते.