अडखळणारा खेळ आणि आजोबांचा तास

वाचकहो, आपल्या घरी तीन पिढ्या एकाच वायफायवर नांदत असतील, तर संध्याकाळी आतल्या खोलीतून येणारी नातवाची आरोळी आपल्या परिचयाची असेल : "परत लॅग!" खेळताना बटण दाबल्यावर पडद्यावर त्याचा परिणाम उशिरा दिसणे, याला ही मुले लॅग म्हणतात. कित्येक महिने मी ती आरोळी ऐकून सोडून देत असे. घरातल्या आजारी माणसाच्या ती जिव्हारी लागेल, असे कधी मनातही आले नव्हते.

गेल्या वर्षी माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरले, उजवा हात आणि वाचा मात्र अजून पूर्वपदावर आलेली नाही. आठवड्यातून दोन दिवस, सायंकाळी सात वाजता, स्पीच थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवरून त्यांचा सराव घेतात. नववीतल्या नातवाचा मित्रांबरोबरचा खेळही त्याच वेळी असतो. एका बुधवारी तो त्राग्याने म्हणाला, "आजोबांचा कॉल सुरू झाला की माझा गेम अडकतोच!" यजमानांना बोलता कमी येत असले, तरी ऐकू नीट येते. पुढच्या वेळी मी टॅब समोर ठेवला, तेव्हा त्यांनी तो डाव्या हाताने हळूच बाजूला सारला. "नको... पोराला... त्रास."

आपल्यापैकी ज्यांनी रुग्णसेवा केली आहे, त्यांना या तीन शब्दांचे वजन सांगायला नको. आपला घराला भार होतो, असे एकदा मनाने घेतले की रुग्ण उपचारांतूनच अंग काढून घेऊ लागतो.

मुलगा अधिक वेगाचा प्लॅन घ्यायला निघाला होता. सूनबाई म्हणाली, "आधी दुखणे काय ते कळू द्या, मग औषध." मी रक्तदाबाची नोंद ठेवते, तशीच एक वही नातवाला दिली. खेळ केव्हा अडकला आणि त्या वेळी घरात काय काय चालू होते, एवढेच त्याने लिहायचे. दहा दिवसांत वहीने पहिला धक्का दिला. एका रविवारी कॉल नव्हता, तरीही खेळ अडकला होता. म्हणजे दोष आजोबांच्या तासाचा नव्हता.

मग आम्ही एकेक उपकरण बंद करून पाहिले. कशाची ॲलर्जी आहे हे शोधताना डॉक्टर एकेक पदार्थ बंद करायला सांगतात, तसेच. नातवाने संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडला. वायफायचा दोष आणि बाहेरच्या जोडणीचा दोष यांतला फरक त्यामुळे कळतो. संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाला पिंग म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. सर्व बंद असताना तो पंचविसाच्या आसपास होता. आजोबांचा व्हिडिओ कॉल सुरू केला, तरी जेमतेम तीस. मी माझा फोन चार्जिंगला लावला आणि आकडा तीनशेच्या वर गेला!

कारण साधे होते. सरावाच्या दिवशी सहा वाजता फिजिओथेरपिस्ट येतात. मी व्यायामाचे व्हिडिओ घेते आणि सातला फोन चार्जिंगला लावते. चार्जिंग आणि वायफाय मिळताच फोन ते सारे व्हिडिओ आपणहून बॅकअपसाठी वर पाठवू लागे. त्या रविवारी नात्यातल्या बारशाचे फोटो होते. आमच्या जोडणीत माहिती बाहेर पाठवण्याचा वेग कमी आहे. बँकेच्या खिडकीशी कोणी चिल्लरची पिशवी मोजायला काढावी आणि मागच्याला केवळ पासबुकावर शिक्का हवा असावा, तशी गत होई. खेळाचे संदेश लहानच असतात, पण त्यांना थांबून चालत नाही. अशा वेळी महागडा प्लॅन घेऊनही, बाहेर पाठवण्याचा वेग तेवढाच राहिला, तर खोळंबा तसाच राहतो. अपराधी मीच होते आणि बोल लागला होता यजमानांना.

आपल्याही घरी असे होत असेल, तर फोनचा बॅकअप रात्री झोपताना होईल अशी व्यवस्था करावी. राउटर कपाटात कोंडू नये. तो उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा. राउटर जवळ असेल तर 5 गिगाहर्ट्झचे वायफाय वापरावे, 2.4 गिगाहर्ट्झचे दूरवर पोहोचते, परंतु मायक्रोवेव्ह चालू असताना त्यात व्यत्यय येऊ शकतो. काही राउटरमध्ये खेळाला किंवा व्हिडिओ कॉलला अग्रक्रम देण्याची सोय असते. जोडणी देणाऱ्या तंत्रज्ञाला ती विचारावी. डॉक्टरांशी व्हिडिओवरून बोलतानाही या दक्षतेचा उपयोग होतो. आणि केबल टाकलीच, तर ती भिंतीच्या कडेने, खिळ्यांच्या क्लिपा मारून न्यावी. वाटेत लोंबणाऱ्या वायरीत पाय अडकून वृद्ध माणसाचे माकडहाड किंवा खुबा मोडायला क्षण पुरतो.

त्या रात्री नातू आजोबांच्या पलंगाशी बसला. "आजोबा, तुमच्यामुळे नव्हतं होत. मी उगाच बोललो." ते उत्तरासाठी शब्द शोधू लागले. मी सवयीने शब्द पुरवायला पुढे झाले, तर त्याने मला हाताने थांबवले. प्रश्न विचारावा, मग वाट पाहावी, शब्द तोंडात घालू नये, हे थेरपिस्टनी आम्हाला किती वेळा सांगितले होते! त्या दिवशी ते नातवाने पाळले. बऱ्याच वेळाने यजमान म्हणाले, "आज... जिंकलास?"

बुधवारचा तास पुन्हा सुरू झाला आहे. आपल्याकडे कोणाला दोष देण्याची वेळ आली, तर आधी दहा दिवस वही ठेवून पाहा.