सानियाचा फोरहँड

सानिया मिर्झाची गोष्ट आपल्याकडे एका ठरावीक चालीवर सांगितली जाते. मुलगी गुणी होती, एकेरीत पहिल्या तिसांत पोहोचली, मग मनगटाने दगा दिला आणि नाइलाजाने ती दुहेरीकडे वळली. या गोष्टीतल्या घटना खोट्या नाहीत. ऑगस्ट २००७ मध्ये ती एकेरीच्या जागतिक क्रमवारीत २७ वी होती, २००८ मध्ये मनगटावर शस्त्रक्रिया झाली, त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमधला सामना मनगटाच्याच दुखण्यापायी अर्धवट सोडावा लागला, आणि पुढे काही वर्षांनी तिने एकेरीला कायमचा रामराम ठोकला. खटकतो तो ‘नाइलाज’. त्यात दुहेरी म्हणजे पडेल ते काम, असे गृहीत धरलेले असते. सानियाच्या फोरहँडचा माग काढत तिची कारकीर्द पाहिली, तर निष्कर्ष वेगळा निघतो. तिच्या हातात जे होते, त्याचे पुरते मोल दुहेरीतच झाले.

मुंबईत जन्मलेल्या आणि हैदराबादेत वाढलेल्या या मुलीचा फोरहँड २००५ मध्ये जगाने पहिल्यांदा नीट पाहिला. ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत ती सेरेना विल्यम्सकडून हरली, पण लगेच हैदराबादची स्पर्धा जिंकून डब्ल्यूटीए एकेरीचे विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. त्याच हंगामात दुबईत तिने तेव्हाची अमेरिकन ओपन विजेती स्वेतलाना कुझनेत्सोव्हा हिला हरवले आणि पुढे अमेरिकन ओपनची चौथी फेरी गाठली. तिचे सांधे विलक्षण लवचीक. चेंडूवर येताना मनगट मागे मुडपायचे आणि शेवटच्या क्षणी ते चाबकासारखे सुटायचे. खांदे फारसे न वळवताही चेंडू सपाट आणि जोरात जायचा, आणि तो सरळ जाणार की तिरका, हे प्रतिस्पर्ध्याला उशिरा कळायचे. पण एकेरीत सगळे कोर्ट एकटीला सांभाळावे लागते. सानियाची दुसरी सर्व्हिस कमकुवत होती आणि पायांत आघाडीच्या खेळाडूंची चपळाई नव्हती. जाणत्या खेळाडू तिला बॅकहँडच्या कोपऱ्यात पळवत आणि सर्व्हिसवर तुटून पडत. मग सामना वाचवायचा भार पुन्हा फोरहँडवर, म्हणजे त्याच मनगटावर येई.

दुहेरीचे कोर्ट एकेरीपेक्षा नऊ फूट रुंद, दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार. पण ते दोघींत वाटले जाते, आणि प्रत्येकीने कोणत्या बाजूने सर्व्हिस परतवायची हे सेटपुरते ठरलेले असते. दुहेरीतली तिची जोडीदार मार्टिना हिंगिस हिच्यासोबत सानिया उजव्या बाजूला उभी राहायची. तिथे बाहेरच्या अंगाने आलेली सर्व्हिस उजव्या हाताने खेळणारीच्या थेट फोरहँडवर येते. डाव्या बाजूला हिंगिस, तिच्याकडे बाहेरून येणारा चेंडू तिच्या नावाजलेल्या बॅकहँडवर. म्हणजे कोर्टाच्या दोन्ही कडांवर दोघींची सर्वोत्तम अस्त्रे रोखलेली. प्रतिस्पर्ध्यांना सर्व्हिस मधूनच टाकावी लागे, आणि ती कुठे येणार याचा अंदाज दोघींना आधीच असे. सानियाच्या जोरदार परतीमुळे समोरचीचा चेंडू उचलला गेला की नेटपाशी टपून बसलेली हिंगिस तो संपवून टाकी. सानियाच्या सर्व्हिसचा कच्चेपणाही हिंगिसच्या नेटवरच्या वावराने बराच झाकला जाई. सानिया नेटवर पहिल्या प्रतीची नव्हती आणि तिला तसे व्हावेही लागले नाही. बेसलाइनवरून मारा करत राहणे हेच तिचे काम ठरले.

या मांडणीची सर्वांत कठीण परीक्षा झाली २०१५ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात. समोर एकातेरिना माकारोव्हा आणि एलेना वेस्निना ही आधीच दोन ग्रँडस्लॅम जिंकलेली जोडी. पहिला सेट ५-७ असा गेला, दुसरा टायब्रेकवर मिळाला, तिसऱ्यात २-५ अशी पिछाडी. तिथून दोघींनी बरोबरी साधली. ५-५ असताना अंधारून आले म्हणून खेळ थांबवून सेंटर कोर्टचे छप्पर बंद केले गेले, दिवे लागले आणि उरलेले दोन्ही गेम जिंकून त्यांनी सेट ७-५ असा घेतला. २-५ नंतर सलग पाच गेम. महिला दुहेरीचे ग्रँडस्लॅम जिंकणारी सानिया ही पहिली भारतीय महिला. त्याआधी एप्रिलमध्येच ती दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिली झाली होती. पुढे अमेरिकन ओपन आणि २०१६ चे ऑस्ट्रेलियन ओपनही या जोडीने जिंकले, आणि त्यांची विजयमालिका सलग ४१ सामने चालली.

यावर पहिला आक्षेप असा की, हे सारे हिंगिसचे कर्तृत्व, सानिया नशीबवान. हिंगिस ही दुहेरीतल्या थोर खेळाडूंपैकी एक, यात वादच नाही. पण हिंगिस येण्याआधी सानियाने कारा ब्लॅकसोबत २०१४ ची डब्ल्यूटीए अंतिम स्पर्धा जिंकली होती, अंतिम सामन्यात ६-१, ६-० अशी. महेश भूपतीसोबत दोन आणि ब्रुनो सोआरेससोबत एक अशी मिश्र दुहेरीची तीन ग्रँडस्लॅमही आधीचीच. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये जोडी फुटल्यावर लगेच सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात बार्बोरा स्ट्रायकोव्हाला साथीला घेऊन तिने कोणाला हरवले, तर हिंगिस आणि कोको वँडेवे यांनाच. त्या विजयाने ती क्रमवारीत एकटी पहिली झाली. जोडीदार बदलत गेले आणि विजय येत राहिले, तर श्रेय न बदललेल्या खेळाडूला द्यायला हवे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एकेरीतल्या अव्वल खेळाडू दुहेरी खेळतच नाहीत, मग त्या पहिल्या क्रमांकाचे मोल ते काय? व्हीनस आणि सेरेना मनात आले की उतरत आणि जिंकत, त्यांनी खेळलेले ग्रँडस्लॅम दुहेरीचे चौदाच्या चौदा अंतिम सामने जिंकले. हे मान्यच करावे लागेल. पण विल्यम्स भगिनी अपवाद आहेत, त्यांच्यावरून नियम काढता येत नाही. विम्बल्डनच्या त्या अंतिम सामन्यातली माकारोव्हा त्याच वर्षी एकेरीत जगात आठवी होती आणि ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत खेळली होती. तरीही ती हरली. आघाडीच्या खेळाडू दुहेरी टाळतात त्याचे कारण पैशांतही आहे. २०१५ मध्ये विम्बल्डनच्या एकेरी विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड मिळाले, दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून ३ लाख ४० हजार. दोघींत वाटले तर एकीच्या हाती एकेरीच्या रकमेचा एक दशांशही येत नाही. बाजारभाव कमी म्हणून कसबही कमी, हा हिशेब शास्त्रीय संगीताला आपण लावत नाही, टेनिसलाही लावू नये.

तिसरा आक्षेप घरचा आहे. दुहेरीतल्या यशाने भारतीय टेनिसचे एकेरीतले दारिद्र्य झाकले गेले, असे जाणकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. सानियाचा २७ वा क्रमांक आजही कोणत्याही भारतीय महिलेला ओलांडता आलेला नाही. पण त्याचा दोष व्यवस्थेचा, तिच्या खेळाचा नव्हे. उलट दुहेरीने इथल्या मुलींना मोठ्या कोर्टावर उभे केले. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानियाच्या जोडीने कांस्यपदक मिळवले आणि रिओ ऑलिम्पिकमध्ये तिच्याच सोबत ती उतरली. ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. सानिया फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत निवृत्त झाली, तेव्हा तिच्या नावावर डब्ल्यूटीए दुहेरीची ४३ विजेतेपदे, सहा ग्रँडस्लॅम आणि अव्वल स्थानावरचे ९१ आठवडे होते. एकेरीचे विजेतेपद एकच. दुखापतीने तिला दुहेरीत आणले असेल, पण तिथे तिला टिकवले आणि पहिल्या क्रमांकावर नेले ते खेळाने. तिची कारकीर्द मोजायची तर दुहेरीवरूनच मोजावी, आणि त्या मापाने भारतात तिच्याएवढी मोठी महिला टेनिसपटू दुसरी झालेली नाही.