कुंडावरचा दिवस

नारायणगुड्यात कुणाशीही दरी बघायला जायचं म्हणा, एकच नाव निघतं : गंडिकोटा. कडप्पा जिल्ह्यातली पेन्ना नदीची ती दरी मी रीलवर इतक्यांदा पाहिलीय, की न जाताच कंटाळा आलाय. निघोज मात्र आमच्या वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नाताळच्या सुट्टीत नगरला आजीकडे गेल्यावर कळलं. (जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, पण आजीच्या घरात अजून नगरच चालतं.)

आजोबा गेल्यावर घराच्या वाटणीवरून पप्पा आणि काकांचं बिनसलं. चार वर्षं झाली, बोलणं बंद. नाताळला मी एकटीच जाते. पप्पा बसपर्यंत सोडतात, "आईला सांग" म्हणतात, पण काय सांगायचं ते सांगत नाहीत. त्यामुळे सव्वीस तारखेला काका म्हणाले, "चल, कुंडावर जाऊन येऊ," तेव्हा मला धास्तीच वाटली. दिवसभर वाटणीची दुसरी बाजू ऐकावी लागणार!

तसं काही झालं नाही. मोटरसायकलवर ते फक्त माझ्या "हौ" आणि "नक्को"ला हसत होते. हैदराबादी मराठी इकडे कुणालाच खपत नाही.

निघोज पारनेर तालुक्यात आहे. गावापासून थोडं पुढे गेलं की सपाट माळ अचानक फाटतो आणि खाली कुकडी दिसते. या काठाला नगर जिल्हा, पलीकडे टाकळी हाजी, म्हणजे पुणे जिल्हा. काठावर मळगंगेचं देऊळ. दरी काही फार खोल नाही, गंडिकोटावाले हसतीलही. पण नदीचं अख्खं पात्र काळ्या बसाल्टचं, आणि त्यात शेकडो गोल खड्डे. कुठे वाटीएवढे, कुठे माणूस उभा मावेल एवढे. यांना रांजणखळगे म्हणतात. शब्द इतका चपखल आहे की भूगोलाच्या पुस्तकातला वाटतच नाही. पुरात भोवरा पडतो, त्यात गोटे अडकतात आणि गरगर फिरत खडक घासत राहतात. खळगा खोल होत जातो, गोटाही झिजून संपतो, मग पुढच्या पुरात दुसरा येतो. काही खळग्यांच्या तळाशी असे गुळगुळीत गोटे दिसतातही. हा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जातं, म्हणून जायचं तर हिवाळ्यात जा. आणि कडेला शेवाळ असतं, सेल्फी जपून.

मला तिथं एक वेगळीच गोष्ट सुचली. कुकडी घोडनदीला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला. कृष्णा नागार्जुनसागरला येते आणि तिथून पाणी उचलून हैदराबादला आणतात. म्हणजे या खळग्यांतून सुटलेलं पाणी आमच्या शहराकडेच निघालेलं असतं. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "पाण्याला बरं जमतं."

मग बराच वेळ ते एका लहान खळग्याशी उकिडवे बसून राहिले. म्हणाले, "असल्याच एकात माझी चप्पल पडली होती. नवी कोरी. मी रडून गोंधळ घातला. दादा पोटावर आडवा झाला, बाभळीच्या काटकीनं तासभर खटपट केली, पण काढून दिली. घरी मार त्यालाच पडला."

दादा म्हणजे पप्पा. चार वर्षांत काकांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. आमच्याकडे बोलताना ते "तुझा बाप" म्हणतात. आणि पप्पांनी निघोजचं नाव कधी काढलं नव्हतं.

मी त्या खळग्याचा फोटो पप्पांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या, उत्तर मात्र नाही. वर चहाच्या टपरीवर बसलो तेव्हा फोन वाजला. मेसेज होता : "पाणी किती आहे? त्याला म्हणावं, फार कडेला जाऊ नको."

मी फोन काकांपुढे धरला. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी तो हात लांब करून वाचला. दोनदा वाचला असावा. मग ग्लास खाली ठेवला.

"लिही," म्हणाले, "पाणी कमी आहे म्हणावं."