पासबुक

खामगावला येताना ते कापडी पिशवीत, प्लास्टिकच्या खोळीत बसून येतं. सोबत आधारची झेरॉक्स, सातबारा, आठ-अ आणि रबर लावलेल्या खताच्या पावत्या. कोपरे दुमडलेले, फोटो पुसट झालेला. घरी त्याचा मुक्काम पत्र्याच्या पेटीत, लेकीच्या गुणपत्रिकेशेजारी.

बोलणं मोजकं: तारीख, रक्कम, शिल्लक. तेवढं ऐकायलाही रांगेत उभं राहावं लागतं. ‘भाऊ, एंट्री मारून द्या,’ म्हणत धनी ते खिडकीतून आत सरकवतो आणि यंत्र करकरत थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहतो.

त्याची आठवण मात्र पक्की. जुन्या पानांवर २०१७ च्या कर्जमाफीच्या खुणा आहेत; तेव्हा राज्याचे कृषिमंत्री होते खामगावचेच पांडुरंग फुंडकर. फेब्रुवारी २०१९ पासून पीएम किसानचे दोन हजार येऊ लागले, वर्षातून तीनदा. २०२३ मध्ये राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीने तेवढ्याच रकमेची भर घातली. ५ ऑक्टोबर २०२४ ला शेजारच्या वाशिममधून दोन्ही योजनांचे हप्ते सुटले. सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. मजुरी रोख लागते, तिथे ते पैसे कामी आले.

दोन हजार म्हणजे किती, हे शेत सांगतं. २०२५ च्या खरिपात बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. एकराला दोन पाकिटं लागतात. म्हणजे एक हप्ता एका एकराचं बी. खत, फवारणी, निंदण, वेचणी हे सगळं त्याच्या पुढचं. तरीही कृषी केंद्रावर उधारीसाठी मान खाली घालावी लागत नाही, याला मोल आहे. ते कुणी हलकं लेखू नये.

पण या पासबुकाला एकच नाव ओळखू येतं, जमिनीच्या नोंदीतलं. ई-केवायसी राहिली, आधार खात्याला जोडलं नाही, की ते गप्प बसतं. म्हातारा गेला की फेरफार होईपर्यंत वारसांनाही ओळख देत नाही. दुसऱ्याचं वावर बटईनं किंवा ठोक्यानं करणाऱ्याचं बी, घाम आणि नुकसान त्याचं स्वतःचं असतं; त्याच्या पासबुकात हप्त्याची ओळ उमटत नाही. पऱ्हाटीच्या ओळीत दिवसभर वाकलेल्या बाईचंही नाव बहुतेक सातबाऱ्यांवर नसतं. नव्वदच्या सुमाराला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि अनेक नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. ते काम अर्ध्यावरच राहिलं.

यात पासबुकाचा दोष नाही. त्याला जे सांगाल ते ते इमानाने लिहितं. बदलायची आहे ती लाभार्थ्यांची यादी. जमिनीचा मालक कोण, एवढ्यावर न थांबता यंदा ती जमीन कुणी पेरली हेही शासनाने विचारावं. मालकी हिरावली जाईल या भीतीने बटईचा करार तोंडीच राहतो. ती भीती घालवणारी साधी नोंद गावपातळीवर व्हायला हवी. मदत शेती करणाऱ्यासाठी आहे, असं आपण म्हणतो. मग जो शेती करतो, जी शेती करते, त्यांच्या पासबुकातही ती ओळ उमटली पाहिजे.