खोताचे डेस्क आणि आमची आरामखुर्ची

आमच्या दोन खोल्यांच्या घरात माणसे चार आणि खुर्च्या सात. शिवाय फणसाच्या लाकडाचा एक पेटारा. पाहुणे आले की हमखास विचारतात, "दुकान काढलंय की काय?" आम्ही एका कचेरीतले साधे कारकून. जुन्या सामानाचा नाद हा पैसेवाल्यांचा, हे आम्हांलाही कळते. पण तो लागला खरा.

रत्नागिरीच्या आसपास जुनी कौलारू घरे पाडली जातात, तेव्हा आतले सामान भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते. त्यातले चांगले ते मुंबईला ओशिवऱ्याच्या बाजारात जाते आणि पॉलिश होऊन कितीतरी पट भावाने विकले जाते. आम्ही टेम्पो सुटायच्या आत गाठतो. पाय मोडका, वेत फाटका, म्हणून आमच्या खिशाला परवडते. लाकडाला बारीक भोके आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली, तर मात्र वस्तू कितीही देखणी असो, घरात आणू नये. एक पोखरलेला पाट सगळे घर बिघडवतो. बाकी कामाला रविवार पुरतो. काचकागदाने घासायचे, लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात द्यायचे. एक सुकला की दुसरा.

आमची आरामखुर्ची अशीच एका मोठ्या घरातून आली. त्या घराच्या अंगणाबाहेर आमची आई लहानपणी तिच्या आईबरोबर उन्हात उभी राहायची. ओटीवर पाय ठेवायची सोय नव्हती. खुर्ची आणली तेव्हा आई तिच्यावर बसेना. आठ दिवस शेजारी जमिनीवर बसून तिच्याकडे बघत राहिली. आम्ही आग्रह केला नाही. एके संध्याकाळी कचेरीतून आलो, तर आई खुर्चीत पाय वर घेऊन वाल सोलत होती.

खरी ओढाताण झाली ती डेस्कपायी. शिसवी, उतरत्या झाकणाचे, मांडी घालून लिहायचे डेस्क. एका खोताच्या घरातले. ज्या खोतीने कोकणातल्या कुळांना पिढ्यान् पिढ्या नाडले, तिचा हिशेब असल्याच डेस्कांवर लिहिला जाई. ही खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. कायदा व्हायला १९४९ उजाडले. आता त्या डेस्कावर आम्ही किराणा आणि दुधाचा हिशेब लिहीत होतो. बी.कॉम. झाल्याचा एवढा आनंद आम्हांला कचेरीत कधी झाला नाही!

पण मुलगी दहावीत गेली आणि सौ. म्हणाल्या, "पोरीला वह्या पसरायला जागा नाही. डेस्क तरी काढा." मुलीला ते खुजे होते, तिला टेबल हवे होते. एक व्यापारी चांगली रक्कम देत होता. त्या पैशांत टेबल आणि वर्षाची पुस्तके आली असती. आम्ही दोनदा डेस्क उंबऱ्यापर्यंत नेले आणि दोनदा आत आणले. कोणा बंगल्यात शोभेसाठी, वर फुलदाणी ठेवलेले ते डेस्क डोळ्यांसमोर येई.

त्याच सुमारास आम्हांला नागपूरजवळच्या चिचोलीची आठवण झाली. नानकचंद रत्तूंनी बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर, रोजच्या वापरातल्या वस्तू जिवापाड जपल्या आणि मग वामनराव गोडबोल्यांकडे सोपवल्या. म्हणून आज त्या कोणालाही पाहता येतात. रत्तूंना त्या हातावेगळ्या करताना काय वाटले असेल! आमचे तर नुसते खोताचे लाकूड.

शेवटी डेस्क आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत दिले. तिथे मुले सतरंजीवरच बसतात, त्यांना ते बरोबर उंचीचे होते. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी झाकणावर कर्कटकाने आपले नाव कोरले. आम्ही पॉलिश घेऊन गेलो आणि नाव तसेच ठेवून परत आलो. मुलीच्या टेबलासाठी आम्ही दोन खुर्च्या आणि पेटारा विकला. पेटाऱ्याचे दुःख अजून आहे.

आता पाच खुर्च्या उरल्या. आरामखुर्चीचा विषय काढायचा नाही, असे आईने बजावले आहे. परवा खेडशीकडे एक जुने घर पाडत असल्याचे कानावर आले. तेव्हापासून आमच्या स्कूटरची किल्ली जागेवर नाही. सौ. म्हणतात, त्यांना काही ठाऊक नाही.