रंग खेळणारे आणि रंग धुणारे

बेळगावच्या मुख्याध्यापकाला रंगांचा हिशेब दोनदा मांडावा लागतो. शहरात धुळवडीला रंग खेळतात. शहापूर-वडगावकडे तो मान रंगपंचमीचा. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. संस्थान गेले, पंचमी राहिली. त्यामुळे एकाच वर्गातली काही मुले आधी गुलाबी कानांनी येऊन बसतात, तर काही तीन-चार दिवसांनी. कानांचे काही नाही, ते आठवड्याभरात मूळ रंगावर येतात. प्रश्न असतो तो पांढऱ्या सदऱ्याचा.

त्या आठवड्यात हजेरीपटावर गैरहजेरी वाढते. विचारले की उत्तर ठरलेले, "ताप होता, सर." तीस वर्षांच्या नोकरीत एवढे कळले आहे, की यातला निम्मा ताप सदऱ्याला आलेला असतो. ज्याच्याकडे गणवेश एकच, त्याला शाळेतून घरी जाताना कोणी चौकात गाठले, की दुसऱ्या दिवशी घालायचे काय? आणि दिवस असतात एस.एस.एल.सी.च्या तोंडावरचे!

नोकरीची पहिली वर्षे मी निपाणी भागात काढली. तिथे कित्येक मुलांच्या आया विड्या वळणाऱ्या. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. दिवसभर तंबाखूत राबलेली बोटे रात्री पोराचा सदरा घासायला बसत. सणाचा आनंद पोराचा, डाग आईच्या वाट्याचा.

माझी एम.ए.ची पदवी मराठीची. डागांची विद्या मात्र मी आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांकडून आणि शहापुरातल्या एका वृद्ध परटाकडून शिकलो. त्यांचा पहिला धडा असा, की कोरडा रंग आधी झटकावा, मगच पाणी लावावे. ओला झाला की तो धाग्यात शिरतो. दुसरा धडा गार पाण्याचा. आपल्या बायाबापड्या डाग मोठा दिसला की कढत पाणी ओततात, आणि जाऊ पाहणारा रंग पक्का होऊन बसतो.

तिसरा धडा म्हणजे रंगाची जात ओळखणे. पळसफुलांचा रंग पाण्याने बराचसा उतरतो. हळदीला साबण लागला की ती लालबुंद होते. घाबरून घासत बसू नये. स्वच्छ खळबळून उन्हात टाकावे, ऊनच तिला फिके करते. बाजारातले गडद गुलाबी-हिरवे रंग निराळ्या कुळातले. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा पोरगा क्विनाइन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. कृत्रिम रंगांचा कारखानदारी संसार तिथून सुरू झाला. असा डाग पांढऱ्या सुती कापडावर असेल, तर ब्लीचिंग पावडरचे वरचे निवळ, पातळ पाणी थोडा वेळ लावून भरपूर पाण्यात खळबळावे. रेशीम, लोकर आणि रंगीत कपडे यांना ते लावू नये. त्यात अ‍ॅसिड तर कधीच मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

उरले चंदेरी रंग, ऑइलपेंट आणि डांबर. पाट्यांवर फासलेले डांबर आम्हा सीमाभागातल्या लोकांना चांगले परिचयाचे. सदऱ्यावर आले की तेही पाण्याला दाद देत नाही. डागाखाली जुने फडके धरावे, टर्पेंटाइनने हळूहळू टिपावे आणि मग साबण लावावा. चूल, शेगडी जवळ नको. शेवटी नीळ. ती डाग काढत नाही, फक्त पिवळटपणा झाकते.

बंगळूरला नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने मला पेंटबॉल नावाच्या खेळाविषयी सांगितले. बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारायच्या, ज्याच्या अंगावर फुटेल तो बाद. या बंदुका मुळात अमेरिकेत झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी निघाल्या. १९८१ साली न्यू हॅम्पशायरमध्ये काही मित्रांनी त्यांचा खेळ मांडला. तेव्हा गोळीत तेलाचा रंग असे, कारण झाडावरची खूण पावसात टिकायला हवी. खेळाडूंना मात्र खेळानंतर टर्पेंटाइनने पुसत बसावे लागे. पुढे जिलेटिनच्या कवचात पाण्यात विरघळणारा रंग आला. आता कपडे लगेच गार पाण्यात टाकले की काम भागते. मुखवट्याची काच तेवढी मऊ फडक्याने पुसायची, नाहीतर ओरखडे पडतात.

मला त्यात विचार करण्यासारखे वाटले ते हे, की तिथे खेळणारा आणि धुणारा एकच होता. हात त्याचेच दुखले, म्हणून रंग बदलला. आपल्याकडे खेळतो मुलगा आणि धुते आई. मग रंग बदलावा कोणी?

म्हणून होळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही विज्ञानाचा एक तास नळाजवळ घेतो. प्रत्येकाने पांढऱ्या कापडाचा तुकडा आणि आपण खेळणार तो रंग आणायचा, डाग पाडायचा आणि स्वतः धुवायचा. सोबत सूचनाही निघते, की डाग पडलेला सदरा घालून शाळेत यायला हरकत नाही, घरी राहू नये.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाच्या वहीत त्या तासाची नोंद वाचली. "हिरवा. तीनदा धुतला. गेला नाही. हात दुखले. हा रंग घ्यायचा नाही." मी खाली सही केली. शेरा लिहावा असे काही उरलेच नव्हते.