चिठ्ठी टाकून निवडलेलं हॅश

हॅश फंक्शन एकच असावं, मेहनतीनं घडवलेलं, डेटा असा घुसळणारं की कोण कुठल्या खणात पडेल याचा अंदाज येऊ नये, असं माझं बरीच वर्षं पक्कं मत होतं. फंक्शनांचं अख्खं कुटुंब बाळगा आणि ऐनवेळी त्यातलं कुठलंही एक उचला, ही लॅरी कार्टर आणि मार्क वेगमन यांची १९७७ची कल्पना मला पळवाट वाटायची. नीट फंक्शन जमत नाही म्हणून काय चिठ्ठ्या टाकायच्या?

२०११च्या अखेरीस हे मत हललं. पीएचपी, जावा, पायथन यांची ठरलेली हॅश फंक्शनं सगळ्यांना ठाऊक होती. एकाच खणात पडणारी हजारो नावं आधीच हुडकून एका विनंतीत धाडली, की सर्व्हर त्यांतच अडकून पडे. फुटलेल्या पेपरातले प्रश्न कितीही अवघड असोत, उपयोग काय? (पुढे रूढ झालेलं सिपहॅश काटेकोर अर्थानं कार्टर-वेगमन कुटुंबातलं नाही, पण गुपित ऐनवेळी ठरवायचं, हे सूत्र तेच.)

खरा पालट मात्र बीजगणितानं घडवला. संदेशाचे तुकडे बहुपदीचे सहगुणक माना आणि एका गुप्त बिंदूवर तिची किंमत काढा, झालं हॅश. n घाताच्या शून्येतर बहुपदीला फार तर n मुळं असतात, म्हणून दोन वेगळे संदेश मोजक्याच बिंदूंवर जुळतात. त्याच बहुपदीच्या सगळ्या बिंदूंवरच्या किमती ओळीनं लिहिल्या, की १९६०चा रीड-सोलोमन कोड! ओरखडे पडलेली सीडी वाजते ती दोन संदेशांच्या ओळींतल्या याच अंतरामुळे, आणि बनावट संदेश पकडला जातो तोही. वेगमन-कार्टर यांनी १९८१मध्ये अशा कुटुंबातून निवडलेल्या हॅशवर एकदाच वापरायचा यादृच्छिक मुखवटा चढवला. हल्लेखोराचा संगणक कितीही मोठा असो, हमी टिकते. ‘अजून कुणी फोडलेलं नाही’ एवढ्याच भरवशावर चालणाऱ्या घुसळणीपेक्षा मला आता हीच जास्त पटते.

संदेशाचा टॅग, म्हणजे खरेपणाची खूण, काढणारं पॉली१३०५ हेच करतं, २ चा १३०वा घात वजा ५ या मूळ संख्येच्या शेषांत. तिथे मुखवटा सायफरमधून येतो, त्यामुळे हमी तितकी निखळ उरत नाही, हे मान्य.

एक धास्ती मात्र कायम आहे. अशाच हॅशवर चालणाऱ्या जीसीएम या कूटपद्धतीत नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) दोनदा वापरला गेला, तर दोन टॅगांच्या फरकात मुखवटा कटतो आणि गुप्त बिंदू उरलेल्या बहुपदीच्या मुळांत सापडतो. आंत्वान जू यांनी २००६मध्येच ते दाखवलं होतं.